उंबरठ्यापर्यंतची वाट

१८६९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरात, ट्रेमाँट स्ट्रीटवरील मेथडिस्ट चर्चमध्ये मोजक्या स्त्रिया एकत्र जमल्या. हिंदुस्थानातून परतलेल्या दोन मिशनऱ्यांच्या पत्नींनी त्यांना इकडील स्त्रियांच्या स्थितीची माहिती दिली. पडद्याआड राहणाऱ्या स्त्रीला परपुरुष वैद्याकडून तपासून घेता येत नाही, तिच्या मुलीला शाळा ठाऊक नाही, असे ते कथन होते. ऐकणाऱ्या स्त्रिया हळहळून घरी गेल्या असत्या तर इतिहासात त्या सभेची नोंद झाली नसती. त्यांनी तेथेच परदेशी मिशनकार्यासाठी स्त्रियांची एक संस्था स्थापन केली आणि तिचा नियम अगदी साधा ठेवला. प्रत्येक सभासद स्त्रीने आठवड्याला दोन सेंट द्यावेत आणि एक प्रार्थना करावी.

या दोन सेंटांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १८७० च्या जानेवारीत, म्हणजे एक वर्षही पुरते उलटण्याआधी, इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन या दोन अविवाहित तरुणी हिंदुस्थानात उतरल्या. थोबर्नबाईंनी लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा उघडली. तिचेच पुढे महाविद्यालय झाले आणि ते आजही त्यांच्या नावाने उभे आहे. डॉ. स्वेन यांनी बरेलीत स्त्रियांवर उपचार सुरू केले, रामपूरच्या नवाबाकडून जमीन मिळवली आणि चार वर्षांत तेथे स्त्रियांचे रुग्णालय उभे केले. बोस्टनमध्ये, ओहायोमध्ये, न्यू यॉर्कच्या लहानशा गावांत शिवणटिपण करून पै-पैसा वाचवणाऱ्या, हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या स्त्रियांचा पैसा या इमारतींच्या पायात आहे.

मिशनरी कार्याचा विषय निघाला की हिंदू समाजात सर्वसाधारणपणे एक उत्तर तयार असते: 'त्यांच्यामागे परदेशी पैसा आहे.' हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि अर्धे उत्तर देणाऱ्याला आळशी बनवते. पैसा परदेशी होता हे खरे. परंतु तो कोणा कुबेराच्या तिजोरीतून आलेला नव्हता. स्थानिक चर्चमधील सामान्य बाईने दर आठवड्याला आठवणीने बाजूला काढलेली ती नाणी होती. प्रश्न पैशाचा असता तर हिंदू समाजाला काळजीचे कारण नव्हते, कारण या देशातील देवस्थाने दरिद्री नाहीत. खरा प्रश्न त्या आठवणीचा आहे.

मेथडिस्ट पंथाचा उगमच या आठवणीत आहे. जॉन वेस्ली हा अँग्लिकन धर्मोपदेशक ऑक्सफर्डमध्ये असताना आपल्या काही मित्रांसह नियमाने उपासना करी, तुरुंगातील कैद्यांना भेटे, गरिबांची विचारपूस करी. त्या काटेकोर नियमितपणाची टिंगल म्हणून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, म्हणायला सुरुवात केली. टिंगलीचे नाव पुढे पंथाचे नाव झाले. १७३९ मध्ये वेस्ली ब्रिस्टॉलजवळच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांपुढे उघड्या मैदानात बोलू लागला. प्रतिष्ठित चर्चमध्ये या काळवंडलेल्या माणसांना जागा नव्हती आणि त्यांच्याकडे जाणारेही कोणी नव्हते. वेस्ली गेला. पुढची पन्नास वर्षे तो घोड्यावर बसून इंग्लंडभर फिरत राहिला.

पण केवळ वक्तृत्वावर पंथ उभा राहत नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टॉल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे एकाने सुचवले. गरिबांना तेवढेही शक्य नाही, असा आक्षेप आला. तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सांगितले की, सर्वांत गरीब अशी अकरा माणसे त्याच्याकडे सोपवावीत. तो दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईल, त्यांनी दिले तर घेईल, नाही दिले तर त्यांच्या वाट्याचे स्वतः भरेल. अशा प्रकारे बारा-बारा जणांचे गट पडले. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखांना लवकरच दिसू लागले की, कोणाचा नवरा दारूच्या आहारी गेला आहे, कोणाचे मूल आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही. वेस्लीच्या ध्यानात आले की कर्जफेडीपेक्षा ही घरभेटच अधिक मोलाची आहे. पेनी हे निमित्त उरले आणि भेट हा पंथाचा कणा झाला. मेथडिस्टांच्या स्थानिक चर्चची रचना, म्हणजे लहान गट, त्याचा प्रमुख, ठरलेला दिवस, ठरलेली भेट, नोंदवही आणि ठरावीक काळाने बदलून जाणारा पाळक, ही सारी त्या पेनीतून उगवलेली आहे.

हीच रचना हिंदुस्थानात आली. विल्यम बटलर १८५६ मध्ये बरेलीत पोहोचला. दुसऱ्याच वर्षी स्वातंत्र्यसमराच्या धामधुमीत त्याला नैनितालला आश्रय घ्यावा लागला. परंतु मुंबईतील मेथडिस्ट कार्याची सुरुवात वेगळ्या वळणाने झाली. विल्यम टेलर हा फिरस्ता उपदेशक १८७१ मध्ये मुंबईत आला. घराघरांत लहान गट जमवून त्याने मंडळी उभी केली आणि परदेशी मिशन फंडाचा पैसा घ्यायचा नाही, स्थानिक मंडळींनी आपला भार आपणच उचलायचा, असे तत्त्व ठेवले. 'सारे काही परदेशी पैशाने होते' हे अर्धे उत्तर किती अपुरे आहे, हे मुंबईच्याच इतिहासात असे दिसते.

टेलरला येऊन मिळालेला एक माणूस मुंबईकरांनी विसरू नये असा होता. अपोलो बंदराच्या परिसरातील बोवेन मेमोरियल चर्चला ज्याचे नाव आहे, तो जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आला आणि १८८८ मध्ये येथेच मरण पावला. मिशनकडून मिळणारे वेतन त्याने लवकरच नाकारले. गोऱ्यांची वस्ती सोडून तो गरीब देशी वस्तीत, जेमतेम खर्चात राहिला. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र त्याने वर्षानुवर्षे चालवले. तो रस्त्यावर उभा राहून उपदेश करी आणि लोकांची टवाळी सोशी. चाळीस वर्षांच्या या तपश्चर्येत धर्मांतराच्या हिशेबात त्याच्या नावावर फारसे काही जमा झाले नाही. तरीही मुंबईने त्याच्याकडे एखाद्या बैराग्याकडे पाहावे तसे पाहिले. त्याच्या श्रद्धेशी हिंदूंचे जुळण्याचे कारण नव्हते. पण त्यागाची भाषा या देशाला भाषांतराविना कळते.

बोवेनचा हा मार्ग मेथडिस्ट मिशनचा राजमार्ग मात्र झाला नाही. उत्तर हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी वाट रुळली. बरेली, बदायूँ, मुरादाबाद या पट्ट्यात सफाईचे व चामड्याचे काम करणाऱ्या जातींच्या वस्त्याच्या वस्त्या बाप्तिस्मा घेऊ लागल्या. आता वार्षिक अहवालांत आकडे महत्त्वाचे झाले. किती बाप्तिस्मे, किती उमेदवार, किती रविवारच्या शाळा, किती वस्त्या अजून बाकी, यांचे रकाने भरू लागले. जे. वास्कम पिकेट या मेथडिस्ट मिशनऱ्याने या सामूहिक धर्मांतरांचा अभ्यास करून १९३३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि पुढे तो बिशप झाला. व्यक्तीऐवजी संपूर्ण जातिसमूहच चर्चकडे कसा वळतो, याची ती पद्धतशीर चिकित्सा होती. पद्धतवाल्यांनी पद्धतीचाही अभ्यास केला होता.

हिंदू समाजाचा आक्षेप सुरू होतो तो येथे, आणि तो आक्षेप स्पष्टपणे मांडला पाहिजे. रुग्णाला औषध देणे हे पुण्यकर्म आहे. परंतु औषधाच्या बाटलीबरोबर त्याच्या दैवताची निंदा त्याच्या हाती ठेवणे हे पुण्यकर्म नव्हे. भुकेलेला, आजारी, कर्जबाजारी किंवा अजाण बालक हा श्रद्धेच्या बाबतीत मुक्तपणे निवड करू शकेल अशा स्थितीत नसतो. त्याच्या गरजेच्या क्षणी त्याच्यासमोर नवा धर्म ठेवणारा त्याच्या विवेकाला आवाहन करीत नाही, तो त्याच्या अगतिकतेशी व्यवहार करतो. जो सेवेचा हिशेब बाप्तिस्म्यांच्या रकान्यात मांडतो, त्याची सेवा साधन बनते आणि सेवित मनुष्यही साधन बनतो. सेवा करणाऱ्याच्याच दृष्टीने ही सेवेची विटंबना आहे.

हा आक्षेप काही कडव्या मंडळींचा शोध नाही. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये 'हरिजन'मधून लिहिताना, हाती कायद्याची सत्ता असती तर धर्मांतराचा सारा उद्योग थांबवला असता, असे निःसंदिग्धपणे म्हटले होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि देशातील सर्व मिशनांच्या आशा पल्लवित झाल्या. १९३६ च्या अखेरीस जगभरच्या मिशनचळवळीचा अग्रणी, अमेरिकन मेथडिस्ट जॉन मॉट, गांधीजींना भेटायला सेगावला आला. अस्पृश्यांना आपापल्या संख्येत ओढण्याची जी चढाओढ सुरू झाली होती, तिने आपल्याला वेदना होतात, हे गांधीजींनी त्याला तोंडावर सांगितले. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशच्या काँग्रेस सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने शाळा, दवाखाने आणि कर्जे यांचा धर्मांतराशी असलेला संबंध उघड केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात निर्वाळा दिला की, धर्मप्रचाराच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क अंतर्भूत नाही. बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांना कायद्याने आळा घालणे म्हणूनच न्याय्य आहे, आणि परदेशातून येणाऱ्या पैशाचा हिशेब मागणे हा तर प्रत्येक राष्ट्राचा हक्क आहे.

येथपर्यंत बहुतेक वाचकांचे एकमत असेल. पण लेखणी येथेच थांबवणे ही आत्मवंचना ठरेल. कायदा फसवणूक थांबवू शकतो. उपेक्षा थांबवू शकत नाही. एखाद्या वस्तीत परका पाळक दर आठवड्याला येतो, नावाने हाक मारतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, मुलांना चार अक्षरे शिकवतो. आणि त्याच वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवळाचा विश्वस्त पिढ्यान्‌पिढ्या तेथे फिरकलेलाही नसतो. अशा वेळी पाळक का आला, हा प्रश्न विचारण्यापूर्वी विश्वस्त का गेला नाही, हा प्रश्न विचारावा लागतो. गरजेच्या क्षणी कोणी आपला व्यवहार साधला, ही तक्रार खरी असली तरी तो क्षण रिकामा कोणी ठेवला, याचे उत्तर हिंदू समाजानेच द्यायचे आहे.

येवल्याची घोषणा आभाळातून पडली नव्हती. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य बांधव रामाच्या दर्शनासाठी दारात उभे राहिले. त्यांना शाळा मागायची नव्हती, जमीन मागायची नव्हती. त्यांना राम हवा होता. वर्षानुवर्षे ते दार बंद राहिले. कोणत्याही मिशनऱ्याच्या पैशाने हिंदू समाजाचे झाले नसेल एवढे नुकसान त्या बंद दाराने केले. आणि तरीही बाबासाहेबांनी काय केले, हे हिंदूंनी कृतज्ञतेने आठवावे. सर्व धर्मांची निमंत्रणे समोर असताना त्यांनी वीस वर्षे विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात या भूमीत रुजलेल्या बुद्धाच्या मार्गाचा स्वीकार केला. मिशनांच्या आशा त्यांनी पूर्ण केल्या नाहीत. पण हे श्रेय बाबासाहेबांच्या राष्ट्रनिष्ठ प्रज्ञेचे आहे, दार बंद ठेवणाऱ्यांचे नव्हे.

बंद दाराचा हा नियम सर्वांना लागू पडतो. खुद्द मेथडिस्टांचाही इतिहास याला साक्ष आहे. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीचा कडाडून निषेध करणारी पुस्तिका लिहिली. पण अमेरिकेतील त्याच्याच अनुयायांनी फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना उठवले. ते बाहेर पडले आणि रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये त्यांनी स्वतःचे वेगळे चर्च स्थापन केले. १८४४ मध्ये, बिशपने गुलाम बाळगावेत की नाही या वादावरून तर अमेरिकेतील मेथडिस्ट चर्चचे उभे दोन तुकडे झाले. जातीची भिंत तोडण्याचे आश्वासन देऊन भारतीयांना आत घेणाऱ्या चर्चांतही ती भिंत पुरती पडलेली नाही. वेगळ्या स्मशानभूमीची आणि वेगळ्या बाकांची तक्रार दलित ख्रिश्चनांच्याच संघटना करीत आल्या आहेत. धर्मांतराने माणसाचे नाव बदलते. समाजाचे मन बदलल्याखेरीज त्याची स्थिती बदलत नाही. हे मन बदलण्याचे काम हिंदू समाजाला कोणावर ढकलता येणार नाही.

हे काम झालेच नाही, असे मात्र नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सहभोजने घडवली आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उभे राहिले. गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. १९५२ मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाची सुरुवात केली. ज्या डोंगरदऱ्यांत मिशनखेरीज कोणी जात नव्हते तेथे वसतिगृहे आणि दवाखाने उभे राहिले. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचे कोणतेही समर्थन अमान्य करून ती समूळ नष्ट झाली पाहिजे, ही भूमिका निःसंदिग्ध शब्दांत मांडली. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत १९९३ पासून पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजाची मुले शिकू लागली. ज्यांच्या कपाळी इंग्रजी राजवटीने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलांनी तेथे आपली पहिली पाटी हाती धरली.

परंतु सागरासमोर ही ओंजळ आहे. आणि एक बोचरे सत्य कार्यकर्त्यांनीही मान्य केले पाहिजे. पुष्कळदा हिंदू कार्यकर्ता वस्तीत पोहोचतो तो तेथे पाळक पोहोचल्याची वार्ता कानी आल्यावर. म्हणजे वस्तीची आठवण करून देणारा मिशनरीच ठरतो. तो आला नसता तर? तेथले आजारपण, तेथली निरक्षरता, तेथले तुटलेले छप्पर हिंदू समाजाच्या मनाला टोचले असते काय? ज्या सेवेला प्रतिस्पर्ध्याची गरज लागते ती सेवा प्रतिक्रिया असते, आणि वस्तीतील माणसाला हा फरक नेमका कळतो. आपल्यासाठी कोणी आले आहे की आपल्याला कोणाच्या हाती जाऊ न देण्यासाठी आले आहे, हे ओळखायला त्याला शिक्षणाची गरज भासत नाही.

भूकंप, पूर, दुष्काळ आले की हिंदू समाज हेलावून उठतो. त्या काळात तो हात राखत नाही. ओघ आटल्यावर उरतो तो रोजचा रखरखीत दिवस, आणि वस्त्या जगतात त्या रोजच्या दिवसात. देवळाच्या कळसासाठी, महाप्रसादासाठी, मूर्तीच्या दागिन्यांसाठी दाता सहज मिळतो. वस्तीतील अभ्यासिकेत दिवा लावण्यासाठी, तेथील शिक्षिकेच्या मानधनासाठी मात्र दाराशी फेऱ्या घालाव्या लागतात. कॅप्टन फॉयने मागून घेतलेली माणसे सर्वांत गरीब होती. हिंदू समाजातील सधन माणूस सत्कार्यासाठी प्रथम कोणाकडे जातो, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःशी द्यावे.

यासाठी मेथडिस्टांकडून काही उसने घ्यायला हवे, असेही नाही. विसरलेले आठवावे लागेल. अंताजी दामोदर काळे या ध्येयवेड्याने प्रत्येकाकडून एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळा-वसतिगृहांना गावोगावच्या गृहिणींनी मुठी-मुठीने धान्य दिले. १९२८ पासून संघाच्या स्वयंसेवकाने भगव्या ध्वजासमोर गुरुदक्षिणा अर्पण करून कार्याचा भार आपणच उचलायचा, ही प्रथा पाडली. वारकऱ्यांच्या दिंडीत शेकडो वर्षे गट आहे, त्याचा प्रमुख आहे, ठरलेली तिथी आहे, ठरलेली वाट आहे आणि वाटेतल्या प्रत्येकाच्या पायी डोके टेकण्याची रीत आहे. वेस्लीने अठराव्या शतकात जे रचले, त्याची अंगे या मातीत आधीपासून होती. दिंडी पंढरीला नियमाने गेली. ती पाटीलवाड्यातून वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत त्याच नियमाने जायची राहिली.

म्हणून कार्यक्रम साधा आहे. प्रत्येक देवस्थानाने आपल्या कळसाच्या सावलीतील एक तरी वस्ती आपली मानावी. प्रत्येक शाखेने, प्रत्येक भजनी मंडळाने, प्रत्येक गणेशोत्सव मंडळाने काही घरे वाटून घ्यावीत. आठवड्यातून एक भेट, ठरलेल्या दिवशी, पाऊस असो वा परीक्षा. भेटीला जाणाऱ्याने उपदेश करू नये. विचारपूस करावी, वस्तीत पाणी प्यावे, जेवायला बोलावले तर जेवावे आणि आपल्या घरीही तितक्याच अगत्याने बोलवावे. फोटो काढू नयेत. किती कुटुंबे 'राखली' याचा आकडा कोणाला कळवू नये, कारण बाप्तिस्म्यांच्या रकान्याला जो आक्षेप आहे तोच आक्षेप या रकान्यालाही लागू पडेल. खर्चाचा हिशेब मात्र वस्तीसमोरच वाचून दाखवावा. ज्यांनी पूर्वी धर्म बदलला आहे त्यांच्या घरावरून वळून पुढे जाऊ नये. आजारपण आणि भूक उपासनापद्धती पाहून येत नाहीत, आणि ते बांधवही याच मातीतले आहेत.

येथे आणखी एक गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. चर्चवर भिरकावलेला दगड वस्तीतल्या एकाही घराचे दार हिंदूंसाठी उघडत नाही. तो ज्याच्या हातून सुटतो त्याला क्षणभर धर्मकार्य केल्याचे समाधान मिळते. पण धर्मकार्य आठवड्यातून एकदा, वर्षानुवर्षे, निमूटपणे करावे लागते. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर हात उगारणे हे भ्याडपणाचे तर आहेच, शिवाय ज्या सनातन परंपरेने सर्व उपासनामार्गांना सत्याच्या वाटा मानले तिचा तो अधिक्षेप आहे. बळजबरी आणि फसवणूक यांची तक्रार न्यायालयात करावी; स्पर्धा करायचीच तर ती सेवेत करावी.

भारतातील मेथडिस्ट मंडळींशीही हाच संवाद व्हायला हवा. १९८१ पासून भारतातील मेथडिस्ट चर्च स्वायत्त आहे; त्याचे बिशप भारतीय, पाळक भारतीय, मंडळी भारतीय आहेत. बरेलीचे रुग्णालय, नडियादचे रुग्णालय, प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या वृंदावनातील रुग्णालय यांतून असंख्य हिंदू बरे होऊन घरी गेले आहेत आणि त्याचे ऋण नाकारण्याचा कोतेपणा कोणी करू नये. प्रश्न इतकाच आहे की, या चर्चने आपल्यासमोर आदर्श कोणता ठेवावा? आकड्यांच्या मागे लागलेल्या मातृसंस्थेची स्थिती डोळ्यांसमोर आहे. ब्रिटनमध्ये मेथडिस्ट सभासदांची संख्या दोन लाखांच्याही खाली गेली आहे. अमेरिकेत २०१९ ते २०२३ या काळात समलैंगिकतेच्या वादावरून सुमारे साडेसात हजार स्थानिक चर्चे, म्हणजे तेथील एकूण संख्येच्या जवळजवळ चौथा हिस्सा, युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडली. जेथून हिंदुस्थानला तारायला माणसे निघाली तेथेच आज घर सांभाळणे कठीण झाले आहे. अशा वेळी भारतीय मेथडिस्टांना जवळचा दीप मुंबईतच सापडेल. ज्या जॉर्ज बोवेनने संख्या मिळवली नाही, त्यानेच आदर मिळवला. रुग्णाला बरे करून त्याच्या देवासह घरी पाठवणारी सेवा कोणत्याही हिंदूला सलणार नाही.

परंतु हिंदू समाजाने आपले कर्तव्य दुसऱ्याच्या निर्णयावर टांगून ठेवू नये. मिशनने आकडे मोजणे थांबवले काय आणि न थांबवले काय, वेशीबाहेरची वस्ती ही हिंदू समाजाची जबाबदारी आहे; मिशन आले नसते तरी ती तेवढीच राहिली असती. बोस्टनच्या त्या स्त्रियांना बरेली कोठे आहे हे नकाशात शोधावे लागले असेल, तरी त्यांचे दोन सेंट दर आठवड्याला तेथे पोहोचले. हिंदू समाजाला नकाशाची गरज नाही. वस्ती देवळाच्या मागे आहे, नाल्यापलीकडे आहे, रोज सकाळी कामाला येणाऱ्या बाईच्या वाटेवर आहे. त्या वाटेने उलट चालत एकदा तिच्या उंबरठ्यापर्यंत जायचे आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे आहे.